टोमॅटोचे वाटे

ग्वाटेमालातलं चिचिकास्तेनांगो हे नाव नीट म्हणता येईपर्यंत माझे दोन दिवस गेले, तिथे मात्र सगळे नुसतं चिची म्हणतात. बाजार गुरुवारी आणि रविवारी. उंची २००० मीटरच्या आसपास, त्यामुळे सकाळी असली थंडी की शटरवर बोट वळेना.

सान्तो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर फुलवाल्या बसलेल्या आणि कोपालचा धूर, वास साधारण आपल्या उदाकडे जाणारा. पायऱ्या १८, माया कॅलेंडरचे वीस-वीस दिवसांचे १८ महिने म्हणून, असं सांगतात. आत फोटो काढायला बंदी आहे, आणि खरं सांगू का, तेवढा वेळ जरा सुटल्यासारखंच वाटलं.

शेजारीच भाजीबाजाराचा मोठा हॉल आहे, त्याच्या वरच्या गॅलरीतून सगळे टुरिस्ट खाली फोटो मारतात, कारण खालच्यांना कळत नाही. मीही पंधरा मिनिटं मारले आणि मग स्क्रीनवर बघते तर काय, सगळे नुसते बायकांचे भांग आणि डोक्यावरच्या कापडाच्या घड्या! म्हणे दैनंदिन जीवनाचे फोटो. गेले मग खाली.

खाली एक मावशी टॉर्तिया थापत होती, आपण परातीत भाकरी थापतो तशी नाही, दोन तळव्यांमध्येच, टप टप टप. चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेला मका. इथल्या किचे माया लोकांच्या कथेत देवांनी माणूसच मक्याच्या पिठाचा घडवलाय, आणि ते हात बघताना पटतं ते. कॅमेरा वर केला तशी टप टप थांबली. मी कॅमेरा खाली घेतला, परत सुरू.

तिच्या पलीकडे टोमॅटोवाली. अंगात उईपिल, म्हणजे इथल्या बायकांचा ब्लाउज, गळ्याभोवती सूर्याच्या किरणांसारखी नक्षी. फोटो काढू का विचारलं, तर म्हणाली पाच क्वेत्झाल. आता इतके दिवस बाजारात फिरून माझ्या जिभेला वळण लागलेलं, मी पटकन म्हटलं, तीनला? म्हणजे मी त्या बाईच्या चेहऱ्याचा भाव करत होते! तिने शेजारणीला किचेमध्ये काहीतरी सांगितलं आणि दोघी अशा हसल्या, अशा हसल्या की माझे कान गरम झाले. पाच दिले मुकाट्याने.

फोटो दाखव म्हणाली. स्क्रीन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला. मग मान हलवली, नाही. स्पॅनिश तिची दुसरी भाषा आणि माझी चौथी, त्यामुळे कळायला वेळ लागला, पण तिला स्वतःबद्दल काही म्हणायचंच नव्हतं, टोमॅटो नीट दिसत नव्हते. सगळे वाटे परत लावले, देठाची बाजू खाली, एक चिरलेला होता तो उचलून मागे टाकला, पदर सारखा करतात तसं खालचं प्लॅस्टिक ओढून घेतलं आणि म्हणाली, आता काढ.

काढला. त्यात ती अर्धीच आलीय.

वर दोन वाटे विकतही घेतले, न घेऊन सांगते कुणाला. हॉटेलवर सुरी नव्हती, दोन दिवस तसेच मीठ लावून खात बसले.