बंद पंखा आणि वीस टन एसी

जुलै महिना, लोअर परळचा एक ऑफिस टॉवर. इमारतीला ग्रीन मानांकन आहे, काचा डबल ग्लेझ्ड, चिलरही (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) उत्तम. तरी तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये एसी पुरत नव्हता आणि डिफ्यूझरमधून (छतातली एसीची हवा सोडणारी जाळी) टेबलांवर पाणी ठिबकत होतं. मॅनेजर आणखी १० टन बसवायला निघाले होते.

कारण दारातच सापडलं. दाराच्या फटीशी टिश्यू धरला, तो सर्रकन आत ओढला गेला. मॅनोमीटरवर (दाब मोजणारं यंत्र) आतला दाब बाहेरच्यापेक्षा १८ पास्कल (दाबाचं एकक) कमी. किचन डायनिंगपेक्षा २-३ पास्कल उणं असावंच, त्यामुळे फोडणीचा वास बाहेर येत नाही. पण डायनिंगच बाहेरच्यापेक्षा उणं झालं की प्रत्येक फट पावसाळी हवा आत घेते, आणि तिच्यातल्या वाफेचं थंड डिफ्यूझरवर पाणी होतं. टॉयलेटमधल्या सुकलेल्या नहाणी ट्रॅपमधून (पाणी साठवून वास अडवणारा जमिनीतला भाग) तर गटाराचा वास येत होता. त्यावर रोज फिनेल. खरं तर तांब्याभर पाणी ओतलं असतं तरी पुरलं असतं.

किचनचा हूड (शेगडीवरचा धूर ओढणारं छत्र) ४,००० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४,००० घनफूट, हवा बाहेर फेकत होता. ती बहुतांशी भरून काढायला ड्रॉइंगमध्ये ३,४०० सीएफएमचा फ्रेश एअर पंखा होता. तो बंद. आचाऱ्यांनीच एमसीबी (विजेचा खटका) पाडलेला, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या पंख्याची हवा सोडणारं ग्रिल बरोबर त्यांच्या डोक्यावर. झोत मानेवर आदळायचा आणि तव्यावरचा धूर हूडबाहेर ढकलायचा.

३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा २४ अंशांवर आणून कोरडी करायला दर हजार सीएफएमला सुमारे ६ टन लागतात. म्हणजे बंद पंख्याच्या ३,४०० सीएफएमच्या हिशोबाने २० टन नुसते फटींतून येणाऱ्या हवेवर. नव्या १० टनांनी काय झालं असतं?

ग्रिल काढून हूडच्या पुढच्या कडेला पूर्ण लांबीचं छिद्रांचं पॅनल लावलं. हवा सावकाश खाली उतरते. फ्रेश एअर पंख्याचा चिकट काळा झालेला प्री-फिल्टर (हवा गाळणारी पहिली जाळी) बदलला. हूडला दोन्ही बाजूंनी स्टीलचे पत्रे बसवले, त्यामुळे कमी हवेतही धूर पकडला जातो. शिवाय इंटरलॉक: फ्रेश एअर चालू असल्याशिवाय एक्झॉस्ट (हूडचा हवा बाहेर फेकणारा पंखा) चालूच होत नाही. त्याच्या इलेक्ट्रिक पॅनलला कुलूप हवंच, नाहीतर आठवड्यात कोणीतरी वायर जोडून बायपास करतं.

दोन्ही पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) दिले. दुपारी गिऱ्हाईक नसताना ७० टक्के वेगावर पंख्याची वीज साधारण एक तृतीयांशावर येते. मात्र दोन्ही एकत्रच कमी करायचे. एकटा एक्झॉस्ट कमी केला, तर किचनचा दाब वाढून तळणीचा वास थेट लॉबीत जातो.