'हॅचलिंग्ज हॅड कम आउट', बरं मग पुढे?

आमचं घर वेळासला, मंडणगड तालुक्यात. उन्हाळ्याच्या तोंडावर कासवांची पिल्लं बघायला माणसं येतात तेव्हा आमच्या दोन खोल्या भरतात. बुकिंग सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांशी मराठीत भागतं, पण चेन्नई-बंगळूरकडचे आले की इंग्रजी. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. शब्द आठवायचे. घोडं अडायचं ते क्रियापदाच्या काळापाशी.

पहिली फजिती मात्र आमच्या ह्यांची. पाहुणे बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरले. ह्यांना म्हणायचं होतं, 'थांबा, आलोच.' पाठवलं, 'वेट, आय केम.' आणि स्वतः घरात गाडीची किल्ली शोधतायत! ते बिचारे जेट्टीवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभे. आपण निघायच्या आधीच 'आलो' म्हणतो आणि घराबाहेर पडताना 'येतो' म्हणतो. इंग्रजीत 'केम' म्हटलं की माणूस समोर दिसायला हवा.

मी ह्यांना हसले आणि आठ दिवसांत माझी पाळी आली. एका बाईंनी विचारलं, पिल्लं बाहेर आली का? मी लिहिलं, 'यस, यस्टर्डे हॅचलिंग्ज हॅड कम आउट.' त्यांचं उत्तर, 'अँड देन? व्हॉट हॅपन्ड?' मला कळेना, ह्यात आणखी काय व्हायचंय? पिल्लं आली, समुद्रात गेली, झालं.

त्या रात्री लेकीचं व्याकरणाचं पुस्तक काढलं. त्यात बारा काळांचा तक्ता. तो मला शाळेपासून पाठ. रूप कसं करायचं ते तक्ता सांगतो, पण कुठलं कधी घ्यायचं ते नाही. मग मी उलटं केलं. पाठवायचं वाक्य आधी वहीत मराठीत लिहायचं आणि त्यातल्या 'होते' आणि 'आहे' ह्यांना गोल करायचा.

'काल मी मंडणगडला गेले होते.' आपण हे सहज बोलतो. गेले, परत आले, विषय संपला, एवढंच त्या 'होते'मध्ये असतं. पण इंग्रजीतला 'हॅड' दोन गोष्टी मागतो. दोन्ही होऊन गेलेल्या, आणि त्यातली आधीची कुठली ते तो दाखवतो. 'पाहुणे पोचले तेव्हा पिल्लं समुद्रात गेली होती', इथे 'हॅड गॉन' बरोबर. माझ्या वाक्यात दुसरी गोष्टच नव्हती, म्हणून बाई वाट बघत बसल्या. तेव्हापासून 'होते' दिसलं की मी स्वतःला विचारते, कशाच्या आधी? उत्तर नसेल तर साधं 'केम आउट', साधं 'वेंट'.

'आहे'चा घोळ वेगळा. 'काल एका घरट्यातली पिल्लं बाहेर आली आहेत' हे मराठीत चालतं. इंग्रजीत 'हॅव' आणि 'यस्टर्डे' एका वाक्यात नांदत नाहीत. काल, सोमवारी, सकाळी सातला असा होऊन गेलेला वेळ सांगितला की 'हॅव' काढायचा. वेळ न सांगता नुसती ताजी बातमी द्यायची असेल तर ठेवायचा. 'वन नेस्ट हॅज हॅच्ड.' हे अंगवळणी पडायला मला एक अख्खा हंगाम लागला, कारण चुकलं तरी कोणी टोकत नाही. समोरचा समजून घेतो आणि आपण तेच लिहीत राहतो.

बाकीच्या चुका लवकर सुटल्या. हॅचरीत, म्हणजे कासवांची अंडी राखून ठेवतात तिथे, घरट्यांवर टोपल्या पालथ्या ठेवलेल्या असतात, सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. ते मी 'दे आर लिफ्टिंग' लिहायचे. रोजचं काम म्हणून 'दे लिफ्ट'. 'आय अ‍ॅम हॅविंग टू रूम्स' नाही, 'आय हॅव'. 'इफ यू विल कम' मात्र मला अजून पटत नाही. आपण 'याल तर' म्हणतो, यायचं पुढेच आहे ना? पण इंग्रजीत तिथे 'इफ यू कम' म्हणायचं. पटो न पटो, लिहिते.

परवा एकांनी विचारलं तेव्हा वहीशिवाय लिहिलं. 'वन नेस्ट हॅच्ड यस्टर्डे मॉर्निंग. टू नेस्ट्स हॅव नॉट हॅच्ड येट.' पुढे हेही सांगितलं की अंडी घातल्यापासून साधारण पन्नास दिवस धरतात, पण पिल्लं दिवस मोजून येत नाहीत. लगेच उत्तर आलं, 'वुई आर कमिंग ऑन सॅटर्डे.'

लेकीने खांद्यावरून वाचलं. "आई, शनिवार तर पुढे आहे, मग 'आर कमिंग' कसं?"

"आपण काय म्हणतो? शनिवारी येतोय. तसंच ते," मी म्हटलं, आणि ह्यांना हाक मारली, शनिवारी वेसवीला जायचंय, किल्ली आत्ताच शोधून ठेवा.