माझा अनुभव: गुडघ्याला जोराचा अंदाज आहे का, ते मोजलं तेव्हा

मागच्या नवरात्रात गरब्यात गिरकी घेताना पाय जागीच रुतला आणि गुडघा फिरला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलं. मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून तिथे बसवली. आठ महिन्यांनी सगळे म्हणाले, छान झालंय. पण दांडियाबाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना उतरताना डावं पाऊल दर पायरीला धप्पकन पडायचं. आई आतूनच ओळखायची, "तू का गं?"

फिजिओ म्हणाली, "ताई, ताकद आलीय, पण गुडघ्याची जाणीव मोजूया." बडोद्यातच ती सोय मिळाली. आदल्या दिवशी व्यायाम बंद, कारण थकलेला स्नायू चुकीची खबर देतो.

खुर्चीत छाती-मांडीला पट्टे, डोळ्यांवर पट्टी. नडगीभोवतीही जाड वेष्टण, म्हणजे कातडीला लागणाऱ्या दाबावरून अंदाज बांधता येऊ नये. यंत्राने पाय हळूहळू ४५ अंशांवर नेला, ५ सेकंद धरला, परत खाली आणला. आता पुन्हा जाताना ती जागा आली की बटण दाबायचं. मदतनीस सारखे सांगत होते, "बेन, पग ढीलो राखो." उजवा सरासरी २ अंशांनी चुकला, डावा ६.

मला खरं हलवलं ते पुढच्या चाचणीने. गुडघा ६० अंशात अडकवून आधी नडगीने गादीवर जीव खाऊन ढकलायचं. उजवा १४० न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप), डावा १२२. म्हणजे उजव्याच्या ८७ टक्के, कागदावर उत्तम. मग त्याच्या निम्म्या जोराची रेघ पडद्यावर आली. तिच्यावर जोर धरून ठेवला, मनात साठवला. पडदा वळवला. "आता तेवढाच लावा." उजव्याने ७०च्या जागी ७४ दिले. डाव्याला ६१ द्यायचे होते. मला पक्कं वाटत होतं, बरोबर तेवढाच लावतेय. पडदा फिरवला तर ८४! तीनही वेळा असंच, जास्तच.

जोर किती लागला हे मेंदूला मुख्यतः दोन वाटांनी कळतं: कंडरेतले ताण ओळखणारे सूक्ष्म अवयव, आणि आपण किती नेट लावला याची स्वतःची जाणीव. लिगामेंटमध्येही असे संवेदक असतात. ते तुटलं की नुसती दोरी तुटत नाही, खबरही तुटते. म्हणून मला मनापासून वाटतं, ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाने नुसती ताकद मोजून घरी येऊ नये, हेही विचारावं.

आता रोज सकाळी खुर्चीत बसून वजनकाट्यावर डावा पाय टेकवते. काटा बघत १० किलोचा दाब धरते, सोडते, डोळे मिटून पुन्हा तेवढाच दाबते आणि आईला आकडा विचारते. पहिल्या आठवड्यात ती १५, १६ सांगायची. काल म्हणाली, "अकरा."