आशीर्वाद राहिला

रविवार, रात्री साडेदहा

मागच्या रविवारी मावशी बाकावरून उठल्याच नाहीत. आठवडा झाला, तेच डोक्यात बसलंय.

साहेब, म्हणजे आमच्या चर्चचे पाळक, गावाकडच्या मंडळीला गेले होते. शनिवारी रात्री मेसेज, ताई उद्या उपासना तुम्ही चालवा, प्रवचन दादा देतील. चालवली. पापकबुली, वाचनं, दान, सगळं नीट झालं, आणि शेवटचं गीत संपता संपता लक्षात आलं की हातांचं काय करायचं हे मी ठरवलंच नाहीये. साहेब उजवा हात वर करतात, झग्याची बाही घसरते, घड्याळ दिसतं, आणि मग आशीर्वादाचं ते 'देवो', 'पाडो', 'करो' सुरू होतं. माझी काही पाळक म्हणून दीक्षा झालेली नाही. दीक्षा नसेल तर हात उचलायचा नाही आणि 'तुम्हा सर्वांबरोबर' म्हणायचं नाही, 'आपणा सर्वांबरोबर' म्हणायचं, हे बाबांनीच शिकवलेलं. म्हणून दोन्ही हातांनी स्टँड घट्ट धरला, डोळे मिटले आणि प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता आपणा सर्वांबरोबर असो. आमेन. कीबोर्डवाल्या पोराने तिन्ही आमेन घाईत उरकले.

लोक उठले, मोबाईल चालू झाले, आणि तिसऱ्या बाकावर मावशी तशाच, डोक्यावर पदर, मान खाली. मला वाटलं चक्कर आली की काय. जवळ गेले तर म्हणतात, "आशीर्वाद राहिला ना गं."

मी म्हटलं, मावशी झाला की.

"ती प्रार्थना झाली."

बस. एवढंच. आणि मी घरी येऊन भाकरी करपवली.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. सणाला तोरणं लावायची तर मी, संडे स्कूलची पोरं सांभाळायची तर मी, कुणाकडे मयत झालं की पहिला फोन मला, आणि शेवटच्या दोन वाक्यांना मात्र माझं तोंड चालत नाही. वर नियम मीच पाळला होता! 'तुम्हा' म्हटलं असतं तर मावशी उठल्या असत्या का? बरं, मराठीत 'आपण' म्हणजे समोरच्याला मान देऊन 'तुम्ही' पण होतं आणि 'तू-मी सगळे' पण. मी कोणतं 'आपण' म्हटलं हे मावशींना काय कळलं असणार. मलाच कळलं नव्हतं.

बुधवारी शेवटी बायबलमधलं गणना 6 काढून बसले. 24 ते 26, साहेब म्हणतात तोच आशीर्वाद, पाठच आहे, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा नजरेला आलं की तिथे 'तुम्हांला' नाहीच, 'तुला' आहे. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो. मूळ हिब्रूतही एकवचनच. अख्खी मंडळी उभी आहे आणि बोलणं एकेकाशी चाललंय. लहानपणी मला खात्रीच होती की ते फक्त मला आहे, 'मुखप्रकाश तुजवर पाडो' म्हणजे देव वरून बॅटरी मारतो असं वाटायचं, मी डोळे किलकिले करून बघायचे माझ्यावर पडली का. आईने चिमटा काढला की बंद.

आईच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांना यायला जमलं नव्हतं. असो.

1979 मध्ये यरुशलेमजवळ एका जुन्या कबरीत चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या, त्यावर हेच शब्द कोरलेले. साधारण 2600 वर्षांपूर्वीच्या. त्यातली लहान गुंडाळी उलगडल्यावर जेमतेम 4 सेंटिमीटर. गळ्यात घालत असावेत म्हणे, म्हणजे सरळ सरळ ताईतच की! आणि आमच्या आजीने माझ्या मनगटातला शेजारणीने बांधलेला काळा दोरा कात्रीने कापला होता, आपल्यात असलं चालत नाही म्हणून. हे मावशींना सांगायची सोय नाही. पण कुणीतरी तेव्हा म्हणालं असेल ना, की नुसतं ऐकून भागत नाही, अंगावर पाहिजे. मावशींचा पदर तोच प्रकार आहे. त्यांना तो वर आलेला हात हवा होता, माझे शब्द बरोबर होते की चूक याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

मग 27वं वचन वाचलं, जे साहेब कधी म्हणत नाहीत कारण ते आशीर्वादात येत नाही. अहरोन, म्हणजे तेव्हाचा मुख्य याजक, आणि त्याच्या मुलांनी फक्त देवाचं नाव लोकांवर ठेवायचं, आशीर्वाद देव म्हणतो मी देईन. म्हणजे साहेबही पोस्टमनच. थोडं बरं वाटलं. मग आठवलं की पोस्टमनला पण नेमणूक लागते.

आज साहेब परत. हात वर, बाही, घड्याळ. मावशींनी पदर घेतला, 'शांती देवो' झालं, तिन्ही आमेन सुरात झाले. मी दानाच्या पिशव्या गोळा करत दाराशी आले तर मावशी साहेबांना अडवून उभ्या.

"साहेब, मागच्या रविवारचा राहिलाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशव्यांकडे. आता हसतील असं वाटलं, पण त्यांनी तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी, परत हात वर केला आणि पहिल्यापासून पूर्ण म्हटलं, एकट्या मावशींसाठी, तुला, तुझे, तुजवर. हात इतका जवळ होता की मावशींच्या शेजारी मीही मान खाली घातली, पटकन, कुणी बघायच्या आत. पिशवीतली चिल्लर खळखळली.

मावशींनी पदराखालून बघितलंच.