मागे हात धरा
मोबाईलला कोळी दिसतच नाही, हा माझा जुना राग. समोर एवढं मोठं जाळं, मधोमध बाई ऐसपैस बसलेली, आणि फोकस कुठे तर मागच्या उंदीरमारीच्या पानांवर. पाऊस ओसरला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर आमचं हेच चालू असतं. उपाय सोपा आहे, जाळ्याच्या मागे आपला तळहात धरायचा, मग फोन मुकाट्याने कोळी पकडतो, फक्त हात जाळ्याला लागता कामा नये आणि मागून येणाऱ्या आजोबांनी "काय सापडलं?" विचारता कामा नये. ते विचारतातच.

परवा दुपारी सिग्नेचर स्पायडर होती. आठ पाय दोन-दोन जोडून फुली मारून बसलेली, पोटावर पिवळे पट्टे, पायांच्या रेषेत जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी. ही नक्षी कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, बरं वाटतं ऐकून. जरा जास्तच जवळ गेले तर तिनं अख्खं जाळं गदागदा हलवलं, फोटोत नुसता पिवळा फराटा. कडेला तिचा चिमुकला नर होता, त्याचा फोटो कोण काढतंय.

लहानपणी घटस्थापनेच्या आधी जळमटं काढायचं काम माझ्याकडे असायचं. काठीला केरसुणी बांधलेली, डोक्याला आईचा जुना पंचा, डोळ्यांत धूळ, आणि कोळी खाली पळाला की आजी ओरडायची, "सरक गं, अंगावर मुतेल, फोड येतील!" त्या फोडांमागे बरेचदा भलताच एक किडा असतो, पण आजीला सांगणार कोण.

आता पायवाटेवर आडवं जाळं आलं की मी वाकून जाते, मागच्यालाही वाकायला लावते. तसे यातले बरेच कोळी जुनं जाळं स्वतःच खाऊन नवं विणतात, त्यामुळे माझ्या वाकण्याचं त्यांना काय पडलंय, पण असो.

सगळ्यात निवांत फोटो मिळतो तो काटेरी झुडपातल्या घरट्याचा. मळकं फडकं अडकलंय असं वाटतं, आत कोळ्यांची अख्खी वसाहत. एकत्र राहतात, शिकारही मिळून करतात. आया पिल्लांना आधी पोटातलं ओकून भरवतात आणि शेवटी पिल्लं त्यांनाच खातात. फोटो दाखवत आईला हे सांगितलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाली, "मग त्यात नवीन काय?" आणि गवार मोडायला लागली.