फादर स्टीफन्सच्या ओव्या

गेले दोन आठवडे रात्री जेवणं झाली की ख्रिस्तपुराणाच्या, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणाऱ्या जुन्या मराठी काव्याच्या, थोड्या ओव्या मोठ्याने वाचतोय. परवा आई आतून म्हणाली, ज्ञानेश्वरी काढलीस का रे? म्हटलं नाही गं, हे एका इंग्रज पाद्र्याने लिहिलंय, तर हातातलं काम तसंच टाकून बाहेर येऊन बसली.

थॉमस स्टीफन्स मूळचा विल्टशायरचा. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक माणसाला जगणं अवघड, म्हणून रोमला जाऊन जेजुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचा सदस्य, झाला आणि १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाला तो ऑक्टोबरात गोव्याला पोचला. वडिलांना लिहिलेल्या पत्रात प्रवासाचे हाल आहेत, हिरड्या इतक्या सुजायच्या की कापून टाकाव्या लागायच्या, दीडशेच्या वर माणसं आजारी पडली आणि २७ गेली. मग मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, तो इकडचाच झाला.

बरीच वर्षं दक्षिण गोव्यातल्या साष्टीत होता. आणि साष्टी म्हणजे काय, तर १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडलेली, १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेजुइटांना मारलं आणि नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढलं. हे विसरून मला त्या ओव्या वाचता येत नाहीत, आणि कुणी विसरूही नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

पण भाषा! मराठीला तो फुलांतली मोगरी म्हणतो, सुगंधांतली कस्तुरी म्हणतो. स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हणतो. सुमारे ११ हजार ओव्या, १६१६ मध्ये साष्टीतल्याच राचोलला छापल्या त्याही रोमन लिपीत, कारण आपल्या अक्षरांचे खिळे नव्हते. त्यासाठी त्याने १६०८ मध्ये वरिष्ठांना पत्र लिहिलं होतं, ६०० साचे लागतील असा हिशोबसुद्धा दिला होता, एकेक जोडाक्षर मोजत बसला असेल ना हा माणूस.

मला सगळ्यात लागलं ते सुरुवातीचंच. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग दुसरं काही का देत नाही? हे लिहिणारा स्वतः बंद करणाऱ्यांतलाच, तरी तो प्रश्न त्याने पुस्तकात ठेवला. आई म्हणाली, तेवढं परत वाच.