सत्तर मिलिमीटर की सहा इंच?

पहिली दुर्बीण घ्यायची ठरवल्यावर दोन महिने मी फक्त 'किती पट मोठं दिसतं' एवढंच बघत होते. एका जाहिरातीत ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर '५२५ पट' लिहिलं होतं. पैसे भरायचेच बाकी होते.

त्याआधी एका अमावास्येला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला वांगणीला गेले, हे फार बरं झालं. तिथल्या एका काकांनी साधा हिशेब सांगितला: भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दुप्पट करायचा. त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते, तपशील वाढत नाही. म्हणजे ७० मिलिमीटरला १४० पट, बास.

मग मी मृग नक्षत्रातला तेजोमेघ आधी ७० मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणीतून पाहिला आणि लगेच सहा इंची, म्हणजे साधारण १५० मिलिमीटर आरशाच्या, डॉब्सोनियन प्रकारच्या दुर्बिणीतून. पहिल्यात फिकट ठिपका. दुसऱ्यात पंख पसरल्यासारखा धूसर उजेड आणि मधोमध चार तारे, सुटे सुटे. व्यास दुपटीहून थोडा जास्त, पण प्रकाश व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणून साडेचार पट. हे गणित मला शाळेपासून येत होतं. डोळ्यांना त्या रात्री कळलं.

मधला पर्याय होता ११४ मिलिमीटरची, विषुववृत्तीय बैठकीवरची, म्हणजे ताऱ्यांच्या सरकण्यामागे फिरवता येणाऱ्या तिवईवरची. तिचे पाय इतके हलके होते की फोकस करायला हात लावला की गुरू थरथरायचा. डॉब्सोनियनला पायच नाहीत, जमिनीवर ठेवलेली फिरती लाकडी पेटी. ढकलली की फिरते, सोडली की थांबते. नवख्या माणसाला मी हीच सांगेन.

आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या कार्यशाळेत आरसा स्वतः घासून दुर्बीण करावी असाही मोह झाला होता, पण तेवढी सुट्टी नव्हती.

सहा इंचीच घेतली. गच्चीवर न्यायला दोन खेपा लागतात, आधी पेटी, मग नळी. आरसे अधूनमधून जुळवून घ्यावे लागतात. पावसाळ्यात बुरशीच्या धास्तीने नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं, सिलिका जेलसोबत डब्यात बंद.

परवा शेजारच्या मुलीने गुरू पाहिला. ४८ पटींतच दोन पट्टे दिसले. "मावशी, चंद्र तीनच आहेत," ती म्हणाली. तासाभराने तिला पुन्हा बोलावलं. चौथा गुरूच्या कडेला नुकताच बाहेर येत होता.